कॉलेजचं पत्र आल्यावर घसरणाऱ्या ग्रेड्स : सीनियर वर्षाचं (बारावीचं) दुसरं सेमिस्टर (अमेरिका)

मंजिरी_एनजे

डिसेंबरच्या मध्यात अर्ली डिसिजनची (एकाच कॉलेजला आधी केलेल्या, बांधील अर्जांची) पत्रं येतात, मार्चअखेरीस रेग्युलरची. पत्र आलं की घरोघरी एकच सूर लागतो, "सुटलो एकदाचे!" एसएटी (प्रवेश परीक्षा), एपी (कॉलेजच्या पातळीचे कोर्स) आणि निबंधांच्या मागे धावून दमलेली मुलं अंग टाकतात आणि आईबापही लगाम सैल सोडतात. दमलेल्या पोराने दोन आठवडे आराम केला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे, कारण पत्रातला अटींचा परिच्छेद कोणी वाचलेलाच नसतो.

तो परिच्छेद जवळजवळ प्रत्येक पत्रात असतो. शब्द वेगवेगळे असले तरी अर्थ एकच : ॲडमिशन सशर्त आहे, अर्जात लिहिलेले सगळे विषय पूर्ण करा, आतापर्यंत दाखवलीत त्याच दर्जाची कामगिरी ठेवा, हायस्कूल पास व्हा. १ मेपर्यंत डिपॉझिट भरलं म्हणून या अटी संपत नाहीत. डिपॉझिटने तुमची जागा राखली जाते, तुमचं ट्रान्सक्रिप्ट (शाळेची अधिकृत गुणनोंद) बंद होत नाही.

कॉलेज हे ट्रान्सक्रिप्ट साधारण दोनदा बघतं. पहिलं सेमिस्टर संपल्यावर, म्हणजे जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत, काउन्सेलर मिड-इयर रिपोर्ट पाठवतात. तो सगळीच कॉलेजं मागत नाहीत, पण बरीच मागतात. अर्ली डिसिजनवाल्यांनी इथे विशेष जपावं, कारण त्यांचं पत्र आधी येतं आणि पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड्स नंतर पोचतात. दुसरा, फायनल रिपोर्ट, पदवीदान झाल्यावर जून-जुलैमध्ये जातो. तो सगळीकडे लागतो.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न : किती घसरलं तर चालतं? सरसकट आकडा नाही. तरी ढोबळ अंदाज असा. सगळीकडे ए असलेल्या मुलाला एकदोन बी आले, तर बहुधा कोणी विचारत नाही. ए वरून थेट सी, किंवा एकाच वेळी तीन-चार विषय एकेक पायरी खाली आले, की निवडक कॉलेजांकडून "काय झालं ते कळवा" असं पत्र येऊ शकतं. डी किंवा एफ आला तर पत्राची वाट बघत बसायचं नाही, आपणहून कळवायचं. मुख्य विषयांमधली, म्हणजे इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि परकी भाषा यांतली घसरण जास्त डोळ्यांवर येते. इंजिनियरिंगला निवड झालेल्या मुलाचा कॅल्क्युलस किंवा फिजिक्स पडला, तर इतर सगळे ए असूनही प्रश्न उभा राहतो.

दरवेळी ॲडमिशनच रद्द होते असं नाही. मधल्या पायऱ्या बऱ्याच आहेत : नुसती समज, लेखी खुलासा, प्रोबेशनवर प्रवेश, उन्हाळ्यात एखादा कोर्स करण्याची अट, फॉलऐवजी स्प्रिंगमध्ये या असं सांगणं, ठरलेला मेजर काढून घेणं, मेरिट स्कॉलरशिप कमी करणं. मेजर जाण्याची गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही. कॉम्प्युटर सायन्समध्ये थेट प्रवेश मिळाला असेल आणि तो गेला, तर आत गेल्यावर पुन्हा तिकडे वळणं अनेक ठिकाणी फार अवघड असतं.

या धाग्यावर नेमकी माहिती जमवू या. आपापल्या राज्याचे नियम माहीत असतील तर जरूर लिहा.

बे_एरियाकर

चांगला धागा. कॅलिफोर्नियाचं सांगतो, कारण यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची) पद्धत खाजगी कॉलेजांपेक्षा वेगळी आहे.

यूसी अर्जाच्या वेळी ट्रान्सक्रिप्ट मागतच नाही. मुलांनी स्वतः भरलेल्या ग्रेड्सवर निवड होते आणि शहानिशा उन्हाळ्यात होते. म्हणून तिथे अटी मोघम नसतात, स्पष्ट लिहिलेल्या असतात. सीनियर वर्षातल्या ए-जी विषयांत (यूसीने प्रवेशासाठी ठरवून दिलेल्या विषयांत) एकही डी किंवा एफ चालत नाही, दोन्ही सेमिस्टरमध्ये. शिवाय वर्षाचा जीपीए (ग्रेड्सची सरासरी) साधारण ३.० च्या वर ठेवावा लागतो. तो वेटेड (अवघड कोर्सना जादा गुण देऊन) धरायचा की अनवेटेड, हे कॅम्पसप्रमाणे बदलतं. त्यामुळे मित्राच्या मुलाच्या पत्रावरून आपल्या मुलाचा हिशेब करू नका. पोर्टलवर "कंडिशन्स" नावाचं पान असतं, ते छापून फ्रिजवर लावा.

तारखा : अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत, एपी आणि आयबीचे अधिकृत स्कोअर १५ जुलैपर्यंत.

या तारखा किती गंभीरपणे घ्यायच्या, त्याचं उदाहरण २०१७ मध्ये यूसी अर्व्हाइनने घालून दिलं. त्या वर्षी अंदाजापेक्षा सुमारे ८५० जास्त मुलांनी प्रवेश स्वीकारला. वर्ग सुरू व्हायला दोनेक महिने असताना ४९९ जणांचे प्रवेश काढून घेतले गेले. त्यातले २९० ट्रान्सक्रिप्ट न पोचल्यामुळे किंवा अपुरं असल्यामुळे, बाकीचे सीनियर वर्षाच्या ग्रेड्समुळे. बराच गदारोळ झाला, ऑगस्टच्या सुरुवातीला चॅन्सेलरनी माफी मागितली आणि कागदपत्रांच्या कारणाने गेलेले प्रवेश परत दिले. ग्रेड्सची अट मोडलेल्यांना मात्र ती सरसकट सूट नव्हती.

यातून एक कळतं. ज्या वर्षी जागांपेक्षा मुलं जास्त होतात, त्या वर्षी अटी अक्षरशः पाळल्या जातात. आपलं वर्ष तसं आहे की नाही, हे आपल्याला मे महिन्यात कळायचा मार्ग नाही.

आणखी एक घोळ नेहमी होतो. गणित आणि परकी भाषा यांत वरच्या पातळीच्या कोर्समध्ये सी किंवा त्याहून वरची ग्रेड आली की खालच्या पातळीचा डी भरून निघतो, हे खरं आहे. पण त्याने विषयाची गरज पूर्ण होते. "सीनियर वर्षात डी नको" ही अट त्याने पूर्ण होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वरदा

मंजिरीताई, खूप उपयोगी. एक शंका. "एपी फिजिक्स सी" हा कोर्स झेपत नसेल तर जानेवारीत तो सोडून साधा विषय घेतला तर चालतं का? काउन्सेलर म्हणतात, शाळेची हरकत नाही.

मंजिरी_एनजे

स्वरदा, शाळेची हरकत नसणं आणि कॉलेजची हरकत नसणं यांत फरक आहे. अर्जात सीनियर वर्षाचे विषय लिहून दिलेले असतात आणि निवड त्या यादीवर झालेली असते. क्रम असा ठेवा : आधी कॉलेजला विचारायचं, उत्तर लेखी घ्यायचं, मगच विषय सोडायचा. मुलाने स्वतः ॲडमिशन ऑफिसला ईमेल करायचा. ईमेलच्या सब्जेक्ट लाइनमध्ये पूर्ण नाव आणि ॲप्लिकेशन आयडी. मजकूर चार-पाच ओळींचा : कोणता विषय सोडायचा विचार आहे, कारण काय, त्याऐवजी काय घेणार, आणि याचा प्रवेशावर परिणाम होईल का. यूसीच्या कॅम्पसवर हा बदल कळवायची सोय पोर्टलवरच असते.

उत्तर बहुतेक वेळा "चालेल, सुधारित यादी पाठवा" असंच येतं. त्याच बदलाची बातमी त्यांना जुलैत ट्रान्सक्रिप्टवरून कळली, तर मात्र तोच बदल लपवल्यासारखा दिसतो. विषय सोडायची शाळेची शेवटची तारीखही विचारून घ्या. ती उलटली की काही शाळांच्या ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (विषय सोडला) किंवा डब्ल्यूएफ (नापास होत असताना सोडला) उमटतो.

गणिताचा_मास्तर

मी फक्त ग्रेडबुकबद्दल लिहितो, कारण निम्मी मुलं तिथेच फसतात. अभ्यास जमत नाही म्हणून सी येतो हे प्रमाण कमी आहे. न दिलेल्या कामांमुळे सी येतो हे प्रमाण बरंच जास्त.

एक नमुना हिशेब बघा. विषयात चाचण्यांना ५०%, क्विझना २०%, गृहपाठाला १५%, लॅबला १५% वजन आहे. सेमिस्टरमध्ये २० गृहपाठ. मुलाने १४ दिले, सरासरी ९५. उरलेल्या ६ ठिकाणी शून्य. गृहपाठाची सरासरी ९५ वरून ६६.५ वर येते. म्हणजे २८.५ गुण गेले, त्याच्या १५% म्हणजे ४.३. चाचण्यांमध्ये काहीही न बिघडता एकूण ८२ चे ७७.७ होतात, बी मायनसचा सी प्लस. या सहा गृहपाठांना प्रत्येकी अर्धा तास लागला असता.

कॅनव्हास (शाळेचं ऑनलाइन ग्रेडबुक) वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. तिथे मुलाला दिसणारी टक्केवारी मूळ सेटिंगप्रमाणे फक्त तपासलेल्या कामांवर काढलेली असते. शिक्षकांनी शून्य भरलेलं नसेल, तर न दिलेलं काम हिशेबात धरलंच जात नाही. मार्चमध्ये ८९ दिसतात, मेच्या अखेरीस शिक्षक सगळी शून्यं एकदम भरतात आणि आकडा ७४ वर येतो. ग्रेड्सच्या पानावर उजव्या बाजूला "फक्त तपासलेली कामं धरा" अशा अर्थाची खूण असते. ती काढून बघा, खरा आकडा दिसेल. त्याच पानावर काल्पनिक गुण टाकून बघायची सोयही आहे.

आता फायनल परीक्षा. वजन २०% धरू. आतापर्यंत ६६ आहेत, म्हणजे डी. ६६ गुणिले ०.८ म्हणजे ५२.८. एकूण ७० हवे असतील तर १७.२ कमी पडतात, भागिले ०.२, म्हणजे फायनलला ८६ लागतात. ७३ हवे असतील तर १०१ लागतात, म्हणजे अशक्य. हा हिशेब एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करा. तेव्हा अजून एखादी चाचणी, एखादा प्रोजेक्ट हातात असतो. जूनमध्ये फक्त फायनल उरते.

बऱ्याच शाळा ए असलेल्या सीनियर्सना फायनलमधून सूट देतात. मुलं "सीनियर्सना फायनल नसते" एवढंच ऐकतात. सूट कोणत्या ग्रेडला आणि किती गैरहजेरीपर्यंत, हे शाळेच्या हँडबुकमध्ये असतं.

शिक्षकांकडे जाताना "माझी ग्रेड वाढवा" म्हणून जाऊ नये. न दिलेल्या कामांची यादी हातात घेऊन जावं : ही पाच कामं राहिली आहेत, शुक्रवारपर्यंत यातली कोणती दिली तर घ्याल? उशिरा दिलेल्या कामाला ५०% किंवा ६०% जरी मिळाले, तरी शून्यापेक्षा ते फार मोठे असतात. वरच्याच उदाहरणात सहा शून्यांच्या जागी सहा वेळा ६० भरून बघा. गृहपाठाची सरासरी ८४.५ होते आणि एकूण ७७.७ चे ८०.४.

डॅलसकर

मास्तरांना अनुमोदन. टेक्ससमधल्यांसाठी हजेरीचा मुद्दा. राज्याच्या कायद्याप्रमाणे वर्ग जितके दिवस भरतो, त्याच्या ९०% दिवस हजर असल्याशिवाय त्या विषयाचं क्रेडिट मिळत नाही. मग ग्रेड ए का असेना. कमी पडलं तर समितीसमोर जावं लागतं किंवा शाळा ठरवून देईल त्याप्रमाणे तास भरून काढावे लागतात.

आपल्याकडे हे कुठे नडतं? डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जाऊन लग्नकार्यासाठी मुक्काम जानेवारीच्या मध्यापर्यंत वाढवला, की आठ-दहा दिवस तिथेच जातात. पुढे एप्रिलमध्ये कॉलेजांच्या भेटींचे दिवस, मग प्रॉम, मग सीनियर स्किप डे. बेरीज कोणी करत नाही. कॉलेज भेटीचे काही दिवस अधिकृत गैरहजेरीत धरले जातात, पण त्यासाठी कॉलेजचं सही-शिक्क्याचं पत्र शाळेत द्यावं लागतं. कॅम्पसवर असतानाच ते मागून घ्या.

न्यू जर्सीसारख्या ठिकाणी काही शाळांत सहामाही परीक्षा जानेवारीच्या अखेरीस असते, तिथे तर या मुक्कामाचा थेट फटका बसतो.

कोथरूडहून

इथल्या परिस्थितीबद्दल कोणी सांगू शकेल का? महाराष्ट्र बोर्डाची बारावी आहे, विज्ञान शाखा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं पत्र मार्चमध्ये आलंय. ज्युनियर कॉलेजमध्ये कोणालाच काही माहीत नाही. बोर्डाला कमी मार्क पडले तर?

परदेशी_प्रवेश

कोथरूडहून, तुमच्याकडे मधल्या ग्रेड्स नसतात, त्यामुळे बोर्डाचा निकाल हेच अंतिम ट्रान्सक्रिप्ट. अर्जात शाळेने दहावी, अकरावी आणि सहामाही किंवा पूर्वपरीक्षेवरून अपेक्षित टक्के दिलेले असणार. कॉलेज तुलना त्याच्याशी करेल. अपेक्षित ९० आणि आले ८५, तर सहसा अडचण येत नाही. ९० चे ६८ झाले तर खुलासा मागितला जाऊ शकतो. एखाद्या विषयात नापास झालं तर बारावी पूर्ण झालेली नाही, म्हणजे मूळ अटच मोडली.

बोर्डाचा ऑनलाइन निकाल मे महिन्यात लागतो, मूळ गुणपत्रिका कॉलेजात नंतर मिळते. ऑनलाइन प्रत लगेच पोर्टलवर चढवा आणि "मूळ गुणपत्रिका आल्यावर कॉलेजकडून पाठवू" असं कळवून ठेवा. प्राचार्यांच्या सहीचा, शिक्का मारलेला बंद लिफाफा किंवा कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून स्कॅन, यातलं काय चालतं ते आधीच विचारा. सुट्टीत ऑफिसात क्लार्क भेटत नाहीत, त्यामुळे हे काम निकालाच्या आठवड्यातच उरका. ट्रान्सक्रिप्ट आलं नाही म्हणून नोंदणी अडकवून ठेवतात, हे नेहमीचं आहे.

गुण अनपेक्षितपणे कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत, गुणपडताळणी, पुनर्मूल्यांकन हे मार्ग आहेत. मुदत थोड्या दिवसांची असते, निकालाच्या दिवशीच तारीख बघा. नापास झाल्यास पुरवणी परीक्षा असते. तिचा निकाल लागेपर्यंत अमेरिकेतलं फॉल सेमिस्टर सुरू झालेलं असू शकतं. अशा वेळी प्रवेश एका सेमिस्टरने किंवा वर्षाने पुढे ढकलता येईल का, हे लगेच विचारावं. प्रवेश गेला तर त्यावर मिळालेला आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजने दिलेला फॉर्म) सुद्धा जातो, म्हणून व्हिसा आणि तिकिटाचे पैसे गुंतवण्यापूर्वी हा प्रश्न मिटवा.

ब्रिटनचं पत्र असेल तर नियम याहून कडक. तिथे "बारावीत एकूण इतके टक्के, गणितात इतके" असा आकडाच लिहिलेला असतो आणि अट पूर्ण होऊन प्रवेश पक्का झाल्याशिवाय व्हिसासाठीचा सीएएस मिळत नाही.

आणि एक कळकळीने सांगतो. परदेशाचं पत्र आलं म्हणून बोर्ड वाऱ्यावर सोडू नका. व्हिसा नाकारला गेला तर इथेच प्रवेश घ्यावा लागेल. जेईई मेनमधून एनआयटीसारख्या ठिकाणी जायचं तर खुल्या गटाला बारावीत ७५% किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं.

मिसिसागा_मावशी

ऑन्टॅरिओपुरतं लिहिते. इथलं पत्रही सशर्तच असतं. बारावीच्या सहा ४यू/४एम (विद्यापीठ प्रवेशासाठीच्या पातळीच्या) विषयांची सरासरी धरतात आणि खाली जाता कामा नये असा किमान आकडा बहुधा पत्रात छापलेला असतो. इंजिनियरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सला आवश्यक विषयांत वेगळा किमान आकडाही असू शकतो. सरासरी छान आणि ॲडव्हान्स्ड फंक्शन्समध्ये मात्र गुण कमी, अशा वेळी सरासरी वाचवत नाही. इथे अंदाजाला जागा नाही ही एक सोय म्हणायची : आकडा समोर असतो, त्यावर पाच-सहा गुणांची भर घालून लक्ष्य ठेवा.

नीलिमा_ऑस्टिन

प्रश्न विचारते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं की इंग्रजीत डी पक्का आहे, वाढायची शक्यता नाही. अशा वेळी नेमकं काय करायचं? थांबायचं की कळवायचं?

मंजिरी_एनजे

कळवायचं, आणि ट्रान्सक्रिप्ट पोचायच्या आधी. याबद्दल माझं मत ठाम आहे. ॲडमिशन ऑफिसमधल्या माणसाला जूनमध्ये मुलाचं पत्र आणि सोबत उपाय मिळाला, तर त्याच्यापुढे एक निर्णय घेण्याजोगी फाइल असते. जुलैत नुसता डी दिसला, तर त्याच्यापुढे फक्त मोडलेली अट असते. शिवाय उन्हाळी कोर्सची नोंदणी बऱ्याच ठिकाणी जूनच्या सुरुवातीला संपते. जुलैअखेर पत्र आल्यावर धावपळ करायला काही उरत नाही.

पहिल्या दोन दिवसांत काउन्सेलरला गाठा. दोन प्रश्न विचारा : हा विषय पदवीदानाला लागतो का (इंग्रजीची चार वर्षं जवळजवळ सगळीकडे लागतात, डी ने हायस्कूलचं क्रेडिट मिळतं, पण कॉलेज तो मान्य करेलच असं नाही), आणि उन्हाळ्यात कुठे भरून काढता येईल. जिल्ह्याची समर स्कूल, कम्युनिटी कॉलेज, मान्यताप्राप्त ऑनलाइन शाळा, असे पर्याय असतात. नोंदणी करण्याआधी त्या कोर्सचं नाव कॉलेजला कळवून "हा चालेल का" हे लेखी विचारा. कोर्स संपून ग्रेड हातात यायची तारीखही बघा. २० ऑगस्टला ग्रेड येणार आणि कॉलेज १८ ला सुरू होणार, असं वेळापत्रक उपयोगाचं नाही.

मग मुलाचं पत्र. २०० ते ३०० शब्द, एका पानाच्या आत, मुलाच्याच शब्दांत, मुलाच्याच ईमेलवरून. अर्थातच इंग्रजीत जाईल, मी मराठीत सांगाडा देते :

"मी अमुक, ॲप्लिकेशन आयडी अमुक. माझ्या अंतिम ट्रान्सक्रिप्टवर इंग्रजी ४ मध्ये डी दिसेल. पहिल्या सेमिस्टरमध्ये बी होता. मार्च-एप्रिलमध्ये मी तीन निबंध वेळेवर दिले नाहीत आणि ते ग्रेडच्या ३०% होते. त्या काळात रोबोटिक्सच्या स्पर्धा होत्या, पण दोन्हीचं नियोजन करणं माझ्या हातात होतं. ९ जूनपासून अमुक कम्युनिटी कॉलेजात इंग्रजीचा कोर्स घेत आहे, नोंदणीची पावती सोबत जोडली आहे. तो १८ जुलैला संपेल आणि ट्रान्सक्रिप्ट मी थेट पाठवेन. बाकीच्या पाच विषयांच्या ग्रेड्स अशा आहेत. आपल्याला आणखी काही हवं असल्यास कळवावं."

बघा, यात पहिल्याच ओळीत वाईट बातमी आहे, कारण नेमकं आहे आणि उपाय तारखेसकट आहे. शिक्षकांवर खापर फोडलेलं नाही. "सीनियर वर्षाचा ताण" असं मोघम कारण लिहू नये, ते प्रत्येक पत्रात असतं. आजारपण किंवा घरातलं मोठं संकट असेल तर एका वाक्यात लिहावं आणि डॉक्टरांचं किंवा काउन्सेलरचं पत्र जोडावं.

पालकांनी फोन करू नये. मुलगा १८ वर्षांचा झाला किंवा कॉलेजात दाखल झाला की फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने त्याच्या नोंदींवरचे हक्क त्याचे होतात. तुमच्याशी ते मोकळेपणी बोलणार नाहीत, आणि आईने लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला ओळखू येतं.

कॉलेजचं पत्र आधीच आलं असेल तर उत्तराची मुदत बघा. ती थोड्या दिवसांचीच असते. मुलांचा हायस्कूलचा ईमेल जूनमध्ये बंद होतो आणि अर्जात तोच दिलेला असतो, त्यामुळे अशी पत्रं न वाचता पडून राहतात. मे महिन्यातच पोर्टलवर स्वतःचा ईमेल टाका आणि उन्हाळाभर दर दोन दिवसांनी पोर्टल उघडून बघायची सवय लावा.

प्रवेश रद्द झालाच तर अपील करता येतं का ते त्या पत्रात लिहिलेलं असतं. अपिलात नवी माहिती लागते, तेच पत्र पुन्हा पाठवून काही होत नाही. त्याच वेळी दुसऱ्या वाटाही चालू ठेवा : रोलिंग पद्धतीने प्रवेश देणारी राज्य विद्यापीठं, कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांनी ट्रान्सफर. आणि "हातात एक जास्त असू दे" म्हणून दोन कॉलेजांना डिपॉझिट भरून ठेवू नका, तेही प्रवेश काढून घेण्याचं कारण ठरू शकतं.

अटलांटा_आई

स्कॉलरशिपचं सांगते. जॉर्जियात होप आणि झेल मिलर या राज्याच्या स्कॉलरशिप आहेत. होपसाठी मुख्य विषयांत ३.० आणि झेल मिलरसाठी ३.७ जीपीए लागतो, आणि पात्रतेचा अंतिम हिशेब पदवीदानानंतरच्या ट्रान्सक्रिप्टवर होतो. ऑक्टोबरमध्ये ३.७२ दिसत होता म्हणून निर्धास्त राहिलेल्या मुलाचे दोन बी त्याला ३.७ च्या खाली आणू शकतात. कॉलेजला त्या दोन बीचं काहीच वाटणार नाही, पण झेल मिलर हातची जाईल.

हाच नियम मेरिट स्कॉलरशिपला लावा : स्कॉलरशिपचं पत्र वेगळं असतं, त्याच्या अटी वेगळ्या असतात. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचा. सात-आठ वर्षांच्या बीएस/एमडी (पदवी आणि मेडिकल एकत्र) कार्यक्रमांच्या अटी तर नेहमीच्या प्रवेशापेक्षा बऱ्याच कडक असतात.

गणिताचा_मास्तर

एक राहिलं. ड्युअल एनरोलमेंटचे कोर्स. हायस्कूलमध्ये बसून घेतला असला तरी तो खरा कॉलेजचा कोर्स आहे आणि त्याचं वेगळं, कायमचं ट्रान्सक्रिप्ट तयार होतं. पुढे मेडिकल स्कूलच्या अर्जात हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्सही दाखवावे लागतात आणि जीपीएत धरले जातात. एप्रिलमध्ये जाणं बंद केलं म्हणजे कोर्स सुटला असं होत नाही, एफ लागतो. सोडायचाच असेल तर त्या कॉलेजच्या विथड्रॉलच्या तारखेआधी रीतसर फॉर्म भरा.

एपीच्या परीक्षेचं उलट आहे. मेमधल्या एपी परीक्षेत २ आला म्हणून अमेरिकेत सहसा कोणी प्रवेश काढत नाही, फक्त क्रेडिट मिळत नाही. एपीच्या वर्गातली ग्रेड मात्र मोजली जाते. परीक्षेच्या भीतीने वर्गातलं काम सोडणारी मुलं नेमकं चुकीचं टोक पकडतात.

शमा_काउन्सेलिंग

वरचं सगळं आळसामुळे घसरणाऱ्या ग्रेड्सबद्दल आहे. दुसरा एक प्रकार आहे आणि तो पालकांनी वेळेत ओळखायला हवा. पत्र आल्यावरही मूल आनंदी नाही, झोप उलटसुलट झाली आहे, आवडीच्या गोष्टीही सोडल्या आहेत, सकाळी उठवत नाही, जेवणावर वासना नाही, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय. अशा वेळी ग्रेड्सवरून बोलणं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. "एवढं चांगलं कॉलेज मिळालं, आता कसलं दुःख?" हे वाक्य कृपा करून बोलू नका.

निदान झालं तर शाळेत ५०४ प्लॅन (आजारी किंवा अपंग विद्यार्थ्यांसाठी कायद्याने मिळणाऱ्या सवलती) मागता येतो : मुदतवाढ, कमी केलेलं काम, वेगळ्या खोलीत परीक्षा. सेमिस्टर पूर्ण होणारच नसेल तर एफऐवजी "इनकम्प्लिट" नोंदवून काम उन्हाळ्यात पूर्ण करता येतं का, ते विचारा. हे मागे जाऊन लागू करणं फार कठीण असतं, म्हणून ग्रेड्स बंद होण्याआधी काउन्सेलरला सांगा. कॉलेजला कळवल्यावर बरीच कॉलेजं एक वर्ष प्रवेश पुढे ढकलायला तयार होतात. त्यासाठी सहसा जूनआधी अर्ज करावा लागतो.

मुलाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची छटा असेल तर अमेरिकेत ९८८ वर कधीही फोन किंवा मेसेज करता येतो. पालकही करू शकतात.

नीलिमा_ऑस्टिन

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक : अंतिम ट्रान्सक्रिप्ट शाळा आपोआप पाठवते का?

बे_एरियाकर

गृहीत धरू नका. बऱ्याच शाळांत नेव्हियन्स, पार्चमेंट किंवा स्कॉयर या वेबसाइटवर मुलाने विनंती टाकावी लागते, आणि ती ज्या कॉलेजात जाणार त्याच्या नावाने. विनंती टाकताना "फायनल ग्रेड्स लागल्यावर पाठवा" हा पर्याय निवडा, नाहीतर मेमधलं अर्धवट ट्रान्सक्रिप्ट जातं. त्यावर पदवीदानाची तारीख छापलेली असायला हवी, ती नसेल तर कॉलेज ते अपूर्ण धरतं. ड्युअल एनरोलमेंट केलं असेल तर कम्युनिटी कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट वेगळं मागवा. लायब्ररीचं पुस्तक, क्रोमबुक, दंड बाकी असेल तर काही शाळा कागद अडवतात, म्हणून तेही आधी मिटवा.

शाळेचं ऑफिस जूनच्या अखेरीस बंद होतं. त्यामुळे पाठवल्यावर दहा दिवसांत कॉलेजच्या पोर्टलवर "मिळालं" अशी नोंद दिसते का ते बघा, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा.